साथीचे रोग आणि आपपरभाव

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती गणेशोत्सव साजरे झाले, किती नाटके बसविली, किती विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली, याचा तपशील या स्मरणिकेत अन्यत्र आला आहेच. आम्ही येथे निराळा हिशेब मांडू इच्छितो. संकटकाळी आम्ही कोणाच्या उपयोगी पडलो आणि कोणाच्या पडलो नाही, हा तो हिशेब होय. २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने हा प्रश्न आमच्यापुढे टाकला. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्या-मुंबईकडे वळावे लागले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

प्रारंभी आमच्या परिसराविषयी दोन शब्द. जयपूरच्या उत्तरेस सीकर रस्त्याला लागून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. येथील रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पत्ता सांगायचा तो 'अमुक नंबरचा रोड' असा. लेथ, ओतकाम, तारा, यंत्रांचे सुटे भाग असे नाना उद्योग येथे चालतात. आमच्या सभासदांपैकी कित्येकांनी याच कारखान्यांतून फोरमन, हिशेबनीस, तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षे घालविली. त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या बरोबरीने काम करणारे कामगार मात्र बहुतांशी बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या खेड्यापाड्यांतून आलेले. सप्टेंबरच्या सतरा तारखेस हे बांधव विश्वकर्म्याची पूजा मांडतात, तर आम्ही खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतो. दैवत एक, हत्यारे एक, तिथी तेवढी निराळी. परंतु साथ आली तेव्हा ध्यानात आले, की या दोन तिथींमधील अंतर आम्ही समजत होतो त्याहून बरेच मोठे होते.

प्लेगचा काळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहून प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. ज्यांना गावाकडे घर होते, गाडीभाड्याला पैसा होता, ते निघाले; उरलेले चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांतून राहिले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा संमत केला. घरांची झडती घेणे, रोग्यास उचलून रुग्णालयात नेणे, आप्तांना वेगळ्या छावणीत ठेवणे, सामान जाळणे, यांसारख्या उपायांना त्याने आधार मिळाला. (हाच कायदा २०२० साली पुन्हा अमलात आणला गेला, हे वाचकांस स्मरत असेल.)

पुण्यात मार्च ते मे १८९७ या काळात रँडसाहेबाच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी ज्या रीतीने घरे धुंडाळली, त्याची हकिकत मराठी माणसास सांगावयास नको. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांनी त्या हकिकतीचा शेवट झाला. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत त्या गोळ्यांचा आवाज इतका मोठा आहे, की त्याच वेळी शांतपणे चाललेल्या दुसऱ्या एका कार्याकडे आपले दुर्लक्ष होते. ते कार्य म्हणजे समाजाने स्वतः उभारलेल्या शुश्रूषेचे.

सरकारी रुग्णालयाविषयी लोकांच्या मनात विलक्षण भय होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे हजार गिरणीकामगार चालून गेले, ते याच भयापोटी. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत घरोघरी होती. यावर उपाय म्हणून निरनिराळ्या जातींनी आणि पंथांनी आपापली प्लेग-रुग्णालये काढली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडले गेले. मुंबईत पारशांनी, तसेच अन्य समाजांनीही अशी सोय केली. तेथे स्वयंपाक आपल्या चालीचा होई, घरचे माणूस उशाशी बसू शके, वैद्यास आपली भाषा कळे. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने काही अंशी साधले.

लसीच्या बाबतीतही हाच अनुभव आला. वाल्डेमार हाफकीन या शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखान सुलतान महंमद शहा यांनी ती जाहीरपणे टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातील हजारो माणसे पुढे आली. सरकारी हुकमाने जी बाही वर झाली नसती, ती आपल्यातल्या वडीलधाऱ्याचे उदाहरण पाहून वर झाली.

येथवरचा इतिहास वाचून कोणत्याही मंडळाच्या कार्यकर्त्यास समाधान वाटेल. आम्हांलाही वाटले. प्रत्येक समाजाने आपली माणसे सांभाळली म्हणजे सर्व समाज सांभाळला जातो, असा निष्कर्ष आम्ही काढूनही टाकला होता. परंतु एक शंका मनातून जाईना. ज्यांना रुग्णालय काढण्याइतका पैसा नव्हता, शब्द टाकणारा पुढारी नव्हता, ज्यांना इतरांच्या रुग्णालयाच्या दारातही उभे करीत नसत, त्यांचे काय झाले?

हडपसरचा माळ

या शंकेचे एक उत्तर त्याच वर्षी पुण्याच्या वेशीबाहेर लिहिले जात होते. सावित्रीबाई फुले यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे लोटली होती. दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव लष्करी वैद्यकीय सेवेत होते. त्यांना बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडविला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून, जेथे कोणाची डोली जात नव्हती अशा ठिकाणांहून, रोगी तेथे आणले जात.

मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना मात्र त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

ही कथा आपण शाळेत ऐकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. आम्ही तिच्याकडे यावेळी निराळ्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या दवाखान्यात टोचण्यासाठी काही अद्भुत औषध नव्हते. प्लेगवर तेव्हा रोग हटविणारे औषध कोणापाशीच नव्हते. जे होते ते इतकेच: वस्तीपासून दवाखान्यापर्यंतचे अंतर कोणीतरी चालून गेले, आणि 'हा कोणाचा मुलगा?' असे विचारून परत फिरले नाही. बाकीची रुग्णालये आपल्या माणसांची वाट पाहत उभी होती. हा दवाखाना माणसाकडे चालत गेला. दोहोंतील भेद एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आकड्यांची साक्ष

एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधू नये, असे कोणी म्हणेल. म्हणून पुढच्या साथीचे आकडे पाहू. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शहरात शिरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या साथीत दगावली, असे अभ्यासक मानतात. त्याच साली पाऊस बुडाला होता, धान्य महागले होते, आणि महायुद्धही संपावयाचे होते.

मुंबईतील मृत्यूंची त्या वेळी जातवार व धर्मवार नोंद झाली. इन्फ्लुएन्झाने दर हजारी मृत्यू पडले ते असे: युरोपियन ८.३, पारशी ९.०, ज्यू १४.८, हिंदी ख्रिस्ती १८.४, अन्य हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि त्या काळच्या सरकारी दप्तरात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले होते त्यांच्यात ६१.६.

वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत, अशी आमची विनंती आहे. विषाणू एकच होता. शहर एकच होते. १९१८ साली या रोगावर लस नव्हती, जंतुनाशक औषधे निघावयाची होती. म्हणजे श्रीमंताच्या वैद्याच्या पिशवीतही गुण देणारे असे विशेष काही नव्हते. असे असता एका वर्गात दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट माणसे मरावीत, याचा अर्थ काय? अर्थ असा, की फरक औषधाने पडला नाही. तो पडला हवेशीर खोलीने, पेलाभर दुधाने, आठ दिवस कामावर न जाता अंथरुणावर पडून राहण्याच्या ऐपतीने, आणि उशाशी बसून पाणी पाजणाऱ्या माणसाने. दहा बाय दहाच्या खोलीत सारे घर एकाच वेळी तापाने फणफणले, तर पाणी द्यावयास कोण उठणार? स्त्रियांचे हाल तर विशेष झाले. शुश्रूषाही त्यांनीच करावयाची आणि शेवटी उरलेले अन्नही त्यांनीच खावयाचे.

या साथीत अनेक स्वयंसेवी मंडळे पुढे आली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग ही त्यांपैकी एक. गिरणगावातील चाळींशी लीगचा संबंध साथीपूर्वीच जडला होता. रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने यांमुळे तिचे कार्यकर्ते कामगारांच्या ओळखीचे होते. म्हणून औषध आणि दूध घेऊन ते दारात आले तेव्हा दारे उघडली गेली. आमच्या मते यातच सर्व मर्म आहे. साथ आल्यावर ओळख करून घेता येत नाही. ओळख आधीची असावी लागते.

मात्र हेही मान्य केले पाहिजे, की त्या आकड्यांत समाजसंस्थांचा गौरव आहे तसा त्यांचा दोषही आहे. ज्या समाजापाशी फंड, धर्मशाळा, वैद्य, रुग्णालये होती त्यांचे मृत्यू कमी झाले. ज्यांच्यापाशी नव्हती त्यांचे झाले नाहीत. प्रत्येकाने आपापली माणसे सांभाळली, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, दरी तशीच राहिली. आपलेपणा ही मोठी शक्ती आहे. पण ती कुंपणाच्या आतच फिरत राहिली तर कुंपणाबाहेरच्या माणसाला तिचा उपयोग नसतो.

शंभर वर्षांनंतर

२ मार्च २०२० रोजी राजस्थानातील करोनाचा पहिला रोगी जयपुरात आढळला. तो इटलीहून आलेला एक प्रवासी होता. त्याच महिन्यात भिलवाड्यात एका खाजगी रुग्णालयाच्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांत रोग पसरला. तेथे तातडीने संचारबंदी लावून, लाखो लोकांची घरोघर जाऊन विचारपूस करण्यात आली. त्या कामाचा भार उचलणाऱ्यांत आशा सहयोगिनी, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका या अल्प मोबदल्यावर राबणाऱ्या स्त्रिया होत्या, ही गोष्ट विसरता कामा नये.

महाराष्ट्रातही तोच धडा गिरविला गेला. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रोगी सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे, आणि बहुसंख्यांस सार्वजनिक शौचालयाखेरीज गत्यंतर नाही. तेथे 'घरात वेगळे राहा' हा उपदेश व्यर्थ होता. म्हणून महापालिकेने रोगी येण्याची वाट न पाहता गल्लोगल्ली तपासणीची शिबिरे लावली. वस्तीतील खाजगी डॉक्टरांना हाताशी धरले. शाळा आणि मंगल कार्यालयांत विलगीकरणाची व जेवणाची सोय केली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नामोल्लेख केला. परंतु त्याच जुलैत मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांस संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, तर इमारतींतील अवघ्या १६ टक्के लोकांस. १९१८ ची दरी बुजली नव्हती. आकडे बदलले, खोलीचे माप बदलले नव्हते.

आमचा स्वतःचा हिशेब

आता आमच्याकडे येऊ. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि विश्वकर्मा क्षेत्रातील भोंगे थांबले. आमच्या मंडळाने तत्परतेने एक यादी केली. वयोवृद्ध सभासद, एकटे राहणारे, मधुमेहाचे रोगी, अशी चाळीसएक नावे त्यांत होती. रोज सकाळी दूरध्वनी करावयाचा, औषधे आणून द्यावयाची, कोणास ताप आल्यास डॉक्टरांशी बोलणे करून द्यावयाचे, असा क्रम होता. तो चोख पाळला गेला. याचा आम्हांस अभिमान आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही.

एप्रिलच्या मध्यास आमच्या एका सभासदांचा रात्री दूरध्वनी आला. ते या क्षेत्रात फोरमन होते. त्यांच्या कारखान्यामागील गल्लीत सहा कामगार एका खोलीत राहत होते. पैकी एकास चार दिवस ताप होता, धाप लागत होती. वाहन मिळत नव्हते, घरमालक खोली सोडा म्हणत होता. ऐकणाऱ्याने, म्हणजे आमच्याच एका पदाधिकाऱ्याने, पहिला प्रश्न विचारला तो असा: "आपल्यापैकी आहे का?" नाही असे कळल्यावर, त्यांच्या समाजाच्या मंडळाकडे विचारून पाहावे असा सल्ला देण्यात आला. सल्ल्यात दुष्टपणा नव्हता. केवळ आमच्या यादीत असा रकानाच नव्हता. परंतु त्या कामगारांचे मंडळ कोठे होते? कारखाना, खोली आणि गावी पाठविलेली मनिऑर्डर, एवढाच त्यांचा समाज.

दोन दिवस फुकट गेले. अखेर त्या फोरमन सभासदांनीच खटपट करून त्यास सरकारी रुग्णालयात पोहोचविले. तो वाचला. १ मे २०२० रोजी श्रमिकांसाठी पहिल्या विशेष गाड्या सुटल्या. त्यांत नाशिकहून निघालेल्या होत्या तशी जयपूरहून पाटण्यास जाणारीही होती. त्या महिन्यात तो माणूसही आपल्या गावी निघून गेला. आमच्या इतिवृत्तात त्याचे नाव नाही. कारण ते आम्ही विचारलेच नव्हते.

पुढील वर्षी दुसरी लाट आली तेव्हा कार्यकारिणीच्या सभेत ही गोष्ट त्याच पदाधिकाऱ्यांनी स्वतः होऊन काढली. पुष्कळ चर्चा झाली. मंडळाचा पैसा सभासदांचा आहे, तो बाहेर खर्चण्याचा अधिकार आपणांस आहे काय, असाही आक्षेप आला. तो अगदीच निराधार नव्हता. शेवटी असे ठरले, की यादी आडनावांवरून न करता गल्लीवरून करावयाची. ज्या गल्लीत आमचा एक सभासद आहे, त्या गल्लीतील प्रत्येक खोली आमच्या यादीत. मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, तरी नोंदणी संगणकावर करावयाची होती आणि ती सुविधा आरंभी इंग्रजीतच होती. लेथवर मिलिमीटरचा शतांश चुकू न देणारा कारागीर तेथे अडला. आमच्या तरुण सभासदांनी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून, मोबाइलवर त्यांच्या नोंदी करून दिल्या. ज्येष्ठ सभासदांनी स्वतः लस घेऊन ज्वर आला तरी दुसऱ्या दिवशी तेथे येऊन बसण्याचे व्रत घेतले. आगाखानांची गोष्ट तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हती, पण युक्ती तीच होती. या कामाने साथ हटली असा दावा आम्ही करीत नाही. काम लहानच होते. परंतु "आपल्यापैकी आहे का?" हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला नाही.

पुढील पन्नास वर्षांसाठी

कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला. ज्याच्यापाशी त्याचे कार्ड आहे त्यास दवाखाना आहे, आजारपणाची रजा आहे. परंतु ठेक्यावर, रोजंदारीवर, लहानशा शेडमध्ये काम करणारे अनेक जण या छत्राबाहेर राहतात. १९१८ सालच्या त्या आकड्यांचे आजचे रूप पाहावयाचे असेल तर कार्ड असलेला आणि नसलेला कामगार शेजारी शेजारी उभे करावेत.

मंडळाने सरकारची जागा घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. ते आमच्या शक्तीबाहेरचे आहे. परंतु महिन्यातून एक रविवार गल्लीत बसून रक्तदाब आणि साखर तपासणे, ज्यास कार्डाचा हक्क आहे त्याचा अर्ज भरून देणे, यादी दरवर्षी नव्याने करणे, एवढे आमच्या हातचे आहे. साथ नसताना हे केले तर साथीच्या वेळी दार ठोठावल्यावर कोणी घाबरणार नाही.

परमुलखात आपण मंडळे स्थापिली ती आपली भाषा, आपले सण, आपली माणसे जपण्यासाठी. त्यात वावगे काहीच नाही. घरापासून दूर आलेल्या माणसास 'आपले' कोणी असण्याची किंमत आपल्याइतकी कोणास कळणार? म्हणूनच ज्यास येथे आपले म्हणावयास कोणीच नाही, त्याचे दुःखही आपल्यालाच आधी कळावयास हवे. मुंढव्याहून हडपसरापर्यंतची ती वाट एका वृद्ध स्त्रीने आजारी मूल पाठीवर घेऊन काटली. आपल्या पुढील वाट त्या मानाने फारच थोडी आहे: एका नंबरच्या रोडवरून मागच्या गल्लीपर्यंतची. ती चालण्याचे बळ सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळास लाभो, हीच प्रार्थना.